मायच्या मठाला कडी नव्हती

मायनं कधी कुणाला आधी नाव विचारलं नाही. दारात माणूस दिसला की तिचा एकच प्रश्न, "जेवले का जी?" सिंदी मेघेतल्या आमच्या मठात ती तीस वर्षं रांधत होती. पेशंटला जवळच्या दवाखान्यात भरती करून आलेले खेड्यापाड्यांतले लोक तिच्या हातचा वरण-भात खायचे आणि तिथंच पथारी टाकायचे.

मी मठाच्या कमिटीचा सेक्रेटरी, त्यात मराठीचा निवृत्त मास्तर. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला! कमिटीला स्वयंपाकघर बंद करून तिथं सभागृह करायचं होतं. मी शब्दकोश उघडून अर्थ लावून दिला: मठ म्हणजे संन्याशांचं राहण्याचं ठिकाण. इथले शेवटचे महाराज जाऊन जमाना झाला, उरला फक्त देव, तेव्हा हे मंदिरच; आणि मंदिराला मुक्कामाचं स्वयंपाकघर कशाला? 'मंदिर' अशी पाटीही रंगवून आणली.

माय पाटीकडे बघत म्हणाली, "गुरुजी, महाराज गेले, पन मुक्कामाले येनारे गेले काय? देव राह्यते ते मंदिर. आल्या मानसाले जागा भेटते तो मठ. तुमच्या पुस्तकात नसन तर लिहून टाका." मला, मराठीच्या मास्तराला! कान लालबुंद झाले माझे.

दुसऱ्याच दिवशी तणतणत कुलूप घेऊन गेलो. पाहतो तर स्वयंपाकघराच्या दाराला कडीच नाही, कधी नव्हतीच. मग सुतार बोलावला. तो कशाला आलाय हे मायला पक्कं ठाऊक होतं, तरी तिनं आधी ताट वाढलं. तो पोटभर जेवला, हात धुतले आणि दाराकडे बघत उभा राहिला. "गुरुजी, मांगच्या साली माही बायको भरती होती, तवा मी इथंच जेवत होतो. मले नाई जमत. दुसरा पाहा."

दुसरा आणला. तोही जेवून गेला.

बैठकीत मी उभा राहिलो. "अर्थ चुकला, चूक माझी." अध्यक्ष कुरकुरले. म्हटलं, "मग तुम्हीच बसवा कडी." कुणी उठलं नाही. पाटी मी स्वतः उतरवली. माय जिंकली, आणि खरं सांगतो, हरून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. ते कुलूप तिनं मागून घेतलं आणि वरणाच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलं.

यंदा माय गेली. तिला पोचवून मठात परतलो, तर दारात एक म्हातारा पिशवी घेऊन उभा. कोण, कुठला, हे विचारायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "जेवले का जी?"