चूलबंद आवतन

महामाया अवसरमोलला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या डोणगावच्या विहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जयंतीच्या जेवणाच्या दिवशी. आठशे माणसांची वांग्याची भाजी तिच्यासमोर रटरटत होती आणि ती एका म्हाताऱ्याला झापत होती. म्हाताऱ्यानं चव बघायला पातेल्यात बोट घातलं होतं. "बाबा, बोट काढा आधी. वाटी मागा, वाटी देते. बोट नाही चालत माह्याकडे," ती म्हणाली. म्हातारा चिडून निघून गेला आणि बाहेर जाऊन सांगत सुटला की आपल्याच समाजाच्या पोरीनं आपल्याला हाकललं. त्या दिवशी आठशेच्या आठशे माणसं पोटभर जेवली, पण वस्तीत संध्याकाळपर्यंत चर्चा झाली ती बोटाची.

तिचं माहेर जळगाव जामोदकडचं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. तो अपघातात गेला तेव्हा तिनं तिशीही गाठली नव्हती. मग अकरा वर्षं तिनं बुलढाण्याला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक केला. तिथलं कंत्राट बदललं, नव्या माणसानं आपल्या बाया आणल्या, आणि महामाया सासूजवळ डोणगावला परत आली. दोन मोठ्या डेगी, पातेली, झारे आणि गॅसच्या भट्ट्या घेतल्या. वस्तीतल्या सहा बायांना हाताशी धरलं आणि त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या चढवल्या. तिची सासू भिमाबाई खुर्ची टाकून कोथिंबीर निवडत बसायची, तिच्याही डोक्यावर टोपी. त्या टोप्यांवरून वस्ती महिनाभर हसली. 'डॉक्टरीणबाई ऑपरेशनला निघाल्या' हे वाक्य माझंच होतं आणि ते चांगलं चाललं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मला सगळे गुरुजी म्हणतात. माझी एक खोड आहे, माईक दिसला की हात पुढे जातो. जयंती असो, लग्न असो, कोणाचा गृहप्रवेश असो, माझे दोन शब्द ठरलेले: आपल्या माणसाच्या धंद्याला हातभार लावा. त्याचं दुकान असेल तर त्याच्याकडूनच घ्या, त्याची रिक्षा असेल तर तिच्यातच बसा. टाळ्या पडायच्या. महामायाची पहिली चार-पाच कामं माझ्या बोलण्यावरून तिला मिळाली, हे मी वर्षभर ज्याला त्याला सांगत होतो. तिलाही सांगितलं होतं.

पण आपल्या माणसाकडे गिऱ्हाईक म्हणून कसं जायचं, हे आम्हाला कोणीच शिकवलं नव्हतं. स्टँडवरच्या बाहेरच्या माणसाच्या हॉटेलात आम्ही पोह्यांची अर्धा अर्धा तास वाट बघायचो. पोहे गार आले तरी खाऊन मुकाट्यानं उठायचो आणि वर मालकाला हसून 'येतो शेठ' म्हणायचो. महामायाकडे मात्र प्रत्येकजण तपासनीस होऊन जायचा. झाकण उघडून बघायचं, तेल कमी का म्हणून विचारायचं, मीठ जास्त झालं म्हणून सगळ्यांच्या देखत ओरडायचं. जेवण उरलं तर हिनं जास्त केलं, संपलं तर हिनं सामान मारलं. आणि कुठलीही गोष्ट ऐन वेळेला सांगायची, कारण ती तर घरचीच.

ती हे सगळं हसण्यावारी न्यायची. एका बाबतीत मात्र लोखंडासारखी कडक होती. काम घेताना ती एक प्रश्न दोनदा विचारायची. मी माझ्या पोरीच्या, अपेक्षाच्या लग्नाचं काम सांगायला गेलो तेव्हाही विचारला.

"गुरुजी, आवतन कसं देऊन राह्यले? घरटी एक का चूलबंद?"

आमच्या भागात जेवणाचं बोलावणं असं दोन तऱ्हांचं असतं. घरटी एक म्हणजे घरातल्या एकानं यायचं. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटायचीच नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. स्वयंपाक करणाऱ्याला या एका शब्दानं दोनशेचे सहाशे होतात.

"घरटी एक," मी म्हणालो. "पाहुणे धरून पाचशे."

"पक्कं?"

"अगं, पक्कं. मास्तर हाय मी, हिशोब येते मले."

"मी पन्नास माणसाचं माह्या मनानं जास्त टाकते. पण त्याच्यावर गेलं तर आदल्या दिवशी फोन करा. रात्री केला तरी चालते. बाजारात भाजी भेटते, किराणा भेटते, सगळं होते. फक्त सांगा."

एवढंच मागितलं होतं तिनं माझ्याकडे. एक फोन.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी माझ्या मूळ गावी गेलो. डोणगावपासून सात किलोमीटरवर ते गाव आहे. घरटी एक बोलावणं आधीच पोचलं होतं, मी आपला रीत म्हणून पुन्हा तोंडी सांगायला गेलो. माझा चुलतभाऊ रंगराव पारावर बसला होता. तो दात कोरत म्हणाला, "पोरगी इंजिनियर, जावई इंजिनियर, व्याही बँकेत सायेब. अन् गुरुजीचं आवतन घरटी एक! बाकीच्याईनं काय घरी बसून बेसन खा का?"

चार माणसं हसली. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथं उभा राहून सांगितलं, "चूलबंद! सगळ्या मोहल्ल्याले चूलबंद. उद्या एकाही घरात धूर दिसला नाही पाह्यजे." मग सत्तर घरं मी स्वतः फिरलो. लोकांनी पाठीवर हात ठेवले. एका म्हातारीनं माझी दृष्ट काढली. छाती इतकी फुगली होती की परत येताना गाडी कशी चालवली ते आठवत नाही.

महामायाला फोन करायचं मला आठवलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला आठवलं होतं. घरी आल्यावर बायकोनं, सुभद्रानं विचारलंही, "महामायाले सांगतलं का?" मी म्हणालो, "आपलीच बाई हाय. घेईल सांभाळून." बाहेरचा आचारी असता तर मी दहा फोन केले असते. तो काम सोडून जाईल ही भीती असती. महामाया कुठं जाणार होती?

वंदना झाली, लग्न लागलं, पहिल्या पंगतीला व्याह्यांची माणसं बसली. जेवण असं झालं होतं की व्याही स्वतः उठून भाजी कोणी केली म्हणून विचारून आले. दुसऱ्या पंगतीला माझ्या गावचे ट्रॅक्टर येऊन थांबले. बाया, पोरं, काठी टेकत आलेली म्हातारी माणसं. तिसऱ्या पंगतीच्या मध्यावर भाजी संपली. मग बुंदी संपली. मग पोळ्या. ताटं घेऊन बसलेली माणसं आधी कुजबुजली, मग भांडी वाजवायला लागली.

व्याही माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. "काय हो गुरुजी, हे काय?"

भोवती पन्नास माणसं गोळा झाली होती. कोणीतरी मोबाइल वर धरला होता. त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकतो. मी मोठ्यानं म्हणालो, "चूक माझी झाली. आपल्या माणसाले काम देलं की हे असं होते. बाहेरचाच आचारी सांगायले पाह्यजे होता."

महामाया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मंडपात बसलेल्या माझ्या गावच्या लेकराबाळांकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे बघायला तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. 'गुरुजी, तुम्ही चूलबंद देलं अन् मले सांगतलं नाही,' एवढं एक वाक्य ती बोलली असती तर मी व्याह्यांसमोर उघडा पडलो असतो. मला वाटलं आता बोलते.

"चुकलं माह्यं," ती व्याह्यांना म्हणाली. "अर्धा तास द्या."

तिनं शेजारच्या किराणा दुकानातून तांदूळ-डाळ उचलून आणली आणि चाळीस मिनिटांत तीनशे माणसांची खिचडी उतरवली. निम्मी माणसं तोवर निघून गेली होती. उरलेल्यांनी खाल्ली आणि नावं ठेवत खाल्ली.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी फिरला. आमच्या समाजाच्या ग्रुपवर तो अविनाशनं टाकला, अविनाश म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. रिकामी पातेली, आणि त्यावर माझा आवाज: आपल्या माणसाले काम देलं की हे असं होते. खाली लोकांनी काय काय लिहिलं! ज्यांनी तिच्या हातचं दहा वेळा खाल्लं होतं त्यांनीही लिहिलं. कोणाला जुनं मीठ आठवलं, कोणाला बोट आठवलं. मेहकरचं एक मोठं काम रद्द झालं, मग बाकीची गळत गेली. जेवणाबद्दल व्याह्यांची खरं तर तक्रारच नव्हती, तक्रार सगळी आपल्यांची होती.

मी त्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या होत्या. 'चूलबंद आवतन मी दिलं, तिला कळवलं नाही.' लिहिल्या आणि पुसल्या. आधी म्हटलं, पोरीचं नवं घर आहे, चार दिवस जाऊ द्या. मग म्हटलं, लोक विसरतील. मग म्हटलं, आता कशाला उकरून काढायचं. सुभद्रा माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. "तुम्ही जाऊन सांगा, नाहीतर मी सांगते," असं ती दोनदा म्हणाली. मी तिला पोरीची शपथ घातली. असल्या कामाला मी पोरीची शपथ वापरली.

वर्षाच्या आत महामायानं डेगी विकल्या. सहा बाया पुन्हा मजुरीनं सोयाबीन सोंगायला गेल्या. भिमाबाई गेली तेव्हा मी मातीला गेलो होतो, पण मागच्या रांगेत उभा राहिलो. त्यानंतर महामायानं घराला कुलूप लावलं. कुठं गेली ते मी विचारलं नाही, विचारायला तोंड हवं.

अपेक्षाच्या लग्नानंतर सहा वर्षांनी, म्हणजे याच उन्हाळ्यात, बुलढाण्याला आमच्याच समाजातल्या एका लग्नाला गेलो होतो. आचारी बाहेरचा, चिखलीकडचा, नाव असलेला. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. वांग्याची ती भाजी मी ओळखली. शेजारचा माणूस बोटं चाटत म्हणाला, "पाह्यलं का गुरुजी? बाहेरचा आचारी तो बाहेरचाच. आपल्याईले नाही जमत हे."

मी ताट तसंच ठेवून मागच्या बाजूला गेलो. महामाया भट्टीसमोर बसली होती. केस पांढरे झालेले, डोक्याला नुसता रुमाल बांधलेला. मला बघून ती उठली, "जय भीम गुरुजी" म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. त्या स्टुलावर मला बसवेना.

"महामाया, माह्यं चुकलं," मी म्हणालो. "मी आता बाहेर माईकवर जातो. सगळं सांगतो. चूलबंद मी देलं होतं, तुले फोन नाही केला, समदं सांगतो. हे लोक आता तुह्याच हातचं खाऊन राह्यले, हेही सांगतो."

ती घाबरली. सहा वर्षांपूर्वी भरल्या मंडपात न घाबरलेली बाई आता घाबरली. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग हळू आवाजात म्हणाली, "नका सांगू गुरुजी. माह्या मालकानं, ह्या आचाऱ्यानं, तो व्हिडिओ पाह्यला हाय. माह्यासमोरच पाह्यला, पोट धरून हसला. त्याच्यात माह्यं तोंड नाही दिसत, भांडेच दिसतात. मीबी हसली त्याच्यासंगं. ते बाई मीच, हे त्याले मालूम नाही."

"पण खरं काय ते कळंल ना त्याले."

"खरं कोण ऐकते? 'हे तेच बाई' एवढंच ध्यानात ठेवतीन लोक. मालक म्हणंल, जा घरी. मंग मी कुठं जाऊ? तेव्हा सांगतलं असतं तर माह्यं दुकान राह्यलं असतं. आता सांगान तर मजुरीबी जाईल."

कोणीतरी तिला हाक मारली. ती झारा घेऊन वळली. मी उभाच होतो, तर मान न वळवता म्हणाली, "जेवण पुरं करून जा गुरुजी. ताट टाकून उठू नये."

बाहेर माझं नाव पुकारलं जात होतं. मी माईक घेतला, वधूवरांना आशीर्वाद दिला आणि खाली बसलो. "आज एवढंच?" म्हणून लोक हसले. ताटातली भाजी मी सगळी संपवली. शेजारचा माणूस पुन्हा त्या आचाऱ्याचं कौतुक करत होता आणि मी त्याला "हाव, हाव" म्हणत होतो.