पाळीचं अंथरूण

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ पान खायला उठतो. आजही असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी हे लिहितोय... कारण आता थकलोय, आणि कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचंय.

लढाईचे दिवस होते. मी मुंबईत, गिरगावात एका गंजीफ्रॉकच्या कारखान्यात मशीनवर होतो. आमच्या खोलीत माणसं अकरा, अंथरुणं सहा. माझी रात्रपाळी, सखारामची दिवसपाळी — दोघांत एकच गोधडी. मी सकाळी परतायचो तेव्हा तो नुकताच उठून गेलेला असायचा. अंथरूण गरम, आणि गोधडीचा पायाकडचा कोपरा दुमडलेला. ही त्याची खूण — चल, आता तू झोप. माझी बायको तीन वर्षं गावी. तिला आणणार कुठे?

शेवटी आमचे शेटजीच जागेच्या अडचणीला कंटाळले. नंदुरबारजवळ कोरीटला कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिन त्यांना मिळालं. सगळा कारखाना तिकडे हलवायचा, आणि प्रत्येक कामगाराला आवारात स्वतंत्र खोली! सखारामने नकाशा बघून माझ्या शेजारची खोली मागून घेतली. निघायच्या महिनाभर आधी तो तापाने गेला. त्याच गोधडीवर.

पौषात आम्ही कोरीटला आलो. थंडी मरणाची. पहिल्या रात्रपाळीनंतर सकाळी सातला कुलूप काढलं, बाजेवर हात टेकला — अंथरूण गरम. गोधडीचा कोपरा दुमडलेला.

किल्ली एकच, माझ्या कनवटीला. मांजर शिरलं असेल म्हटलं, कौलांवरच्या उन्हावर खापर फोडलं... पौषात सकाळी सातला कसलं ऊन, डोंबलाचं! पण रोज तेच. भीती नाही वाटली, खरं सांगतो. वैताग यायचा. इतक्या वर्षांनी स्वतःची बाज मिळाली, तीही पाळीचीच.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी बायको येणार असं पत्र आलं, तेव्हा मात्र घाबरलो. हे बघून ती एक दिवस राहिली नसती. जिनाशेजारच्या पाटलीणबाईंना सगळं सांगितलं. त्या सांजोऱ्या लाटत होत्या. हसल्या नाहीत.

"त्यान्हा नावनी घागर भरी का कोनी?"

"कोण भरणार? त्याला कुणीच नव्हतं."

"मंग तूच भर. वरीसमा गयेल मानूसनी घागर आखाजीले भरतस. पानी दे, आनि सांग — भाऊ, तुन्ही पाळी सरनी."

आखाजीला मातीची घागर भरली, वर डांगर, म्हणजे तिकडचं खरबूज, ठेवलं, हात जोडले. "सख्या, पाणी पी. उद्या ती येतेय. इथे तुला जागा नाही रे आता. तुझी पाळी संपली."

त्या रात्रीही पाळी होतीच. सकाळी परतलो. वैशाखाचा उकाडा, भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि अंथरूण तेवढं थंडगार. गोधडी सरळ पसरलेली. सुटलो म्हणायचं, तर रडूच कोसळलं.

दुपारी बायको आली. खोली पाहून हरखली. आवार हिंडून आली आणि विचारलं, "शेजारच्या खोलीला कुलूप आहे. कोण राहतं तिथे?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "रिकामीच आहे."

अंथरूण कशाने गरम व्हायचं, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्याहून मला हे कळत नाही की घागरीपुढे हात जोडले, तेव्हा 'शेजारी जा' असं का नाही सुचलं.