सिरिमान कुलीबाली रागावला, त्याची गोष्ट

आमच्या सेगू गावात कुलीबाली आडनावाचा माणूस दिसला की त्याला चवळीखाऊ म्हणायचं, ही रीत आहे. तशी चवळी सगळेच खातात. केइता आडनावाची मंडळी तर जरा जास्तच खातात, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण चवळीखाऊ फक्त कुलीबाली. मग कुलीबालीने केइताला आपला घरगडी म्हणायचं आणि दोघांनी पोट धरून हसायचं. हे दोघे थट्टेचे भाऊ. बापजाद्यांनी लावून दिलेलं नातं आहे आणि त्यात काहीही बोललेलं चालतं. चालत नाही ती एकच गोष्ट, रागावणं. सिरिमान कुलीबाली नेमकी तेवढीच करून बसला.

सिरिमान बाजाराच्या तोंडाशी बसणारा शिंपी. वय अठ्ठावन्न, पोट थोडं पुढे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याची. गाव आपल्या पूर्वजांनी वसवलं, असं तो गिऱ्हाइकाला माप घेता घेता ऐकवायचा. सेगूचे पहिले राजे कुलीबाली होते हे खरंच आहे. पण त्या राजांचं आणि तुमचं नेमकं नातं काय, असं कोणी विचारलं की त्याच्या तोंडात अचानक टाचण्या यायच्या आणि बोलता यायचं नाही. घोडदळाच्या राजांचा हा वंशज जन्मात एकदाच जनावरावर बसला. ते गाढव होतं आणि त्याने सिरिमानला नदीकाठच्या चिखलात उतरवून ठेवलं. ही हकिकत तो स्वतःच सांगायचा, कारण आपण नाही सांगितली तर फामोरी मीठमसाला लावून सांगेल, हे त्याला पक्कं माहीत होतं.

फामोरी केइताचं पंक्चर काढायचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. तीस वर्षं दोघांची सकाळ एकाच पद्धतीने उजाडायची.

"काय रे चवळीखाऊ, आज किती वाडगी रिचवलीस?"

"मालकाशी असं बोलतात होय? आधी माझं अंगण झाड, मग तोंड उघड."

"झाडलं असतं रे. पण तुझ्या पोटातला वारा सुटला की अंगण आपोआप साफ होतं, मी कशाला कंबर मोडू?"

एवढं झालं की दोघे कामाला लागायचे.

त्या वर्षी थंडीत सिरिमानच्या मधल्या मुलीला मुलगी झाली. सातव्या दिवशी बारसं ठरलं आणि आदल्या दिवशी सिरिमानच्या हातून घोटाळा झाला. एका बड्या व्यापाऱ्याच्या निळ्या झग्याला त्याने दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. व्यापाऱ्याने झगा भर बाजारात झेंड्यासारखा उंच धरला आणि सगळ्यांना दाखवला. चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला हे फार लागलं. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

सकाळी बारशाला फामोरी आला तो चवळीच्या दाण्यांची माळ ओवून. ती बाळाच्या पाळण्याला अडकवून त्याने जाहीर केलं, "हिचं नाव चवळीबाई! पंचांनी मान्य केलंय." अंगण हसलं. सिरिमानही हसला, जरा ओढून ताणून. मग फामोरीने बाळाचं दुपटं बाजूला केलं आणि डोळे बारीक करून म्हणाला, "अरे, हिचे हात कोणी तपासले का? आजोबांनी दोन्ही डावे बसवले असतील हो!"

"नीघ माझ्या घरातून," सिरिमान म्हणाला.

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, हे उत्तर आहे.

"नीघ म्हणतो ना! पाऊल ठेवू नकोस परत इथे!"

फामोरीने टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. एका म्हातारीने सिरिमानच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. थट्टेच्या भावावर रागावलेला माणूस तिने ऐंशी वर्षांत पाहिला नव्हता.

सिरिमानच्या बायकोने, नियेलेने, पाहुण्यांना वाढलं, भांडी घासली, आणि मग गाठोडं बांधलं.

"ताप नाही, नशा नाही," ती म्हणाली. "शुद्धीवर असताना केलंत हे. मला लाज वाटते. मी भावाकडे चालले."

भाऊ, त्येब्ले, पेलेंगानात राहायचा, गावाला लागूनच. पहिले दोन दिवस सिरिमानने नाक वर ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याने बाजरीची लापशी स्वतः रांधली आणि ती खाऊन नाक खाली आलं. रिकाम्या घरात त्याला करमेना. नियेलेवाचून आपल्याला राहता येत नाही, हे त्याला एकतीस वर्षांनी कळलं. मग त्याने रीतीप्रमाणे गावात मध्यस्थी करणाऱ्या म्हाताऱ्या भाटीणबाईंना मानाची दहा कोलाफळं देऊन मेव्हण्याकडे धाडलं. बाई संध्याकाळच्या आत परत आल्या, फळं तशीच.

"मला मानाने बसवलं, जेवू घातलं," त्या म्हणाल्या. "पण त्येब्ले म्हणतो, ह्याचा केइता कुठे आहे? बायकोची समजूत काढायला थट्टेचा भाऊ येतो. तो दारात आला तर मला नाही म्हणायची सोय नाही. पण ज्याने तोच माणूस हाकलला, त्याच्या घरी बहीण कुठल्या तोंडाने पाठवू?"

म्हणजे बायको हवी असेल तर रस्ता ओलांडायला हवा. दहा पावलांचा रस्ता. सिरिमानला तो ओलांडायला आणखी चार दिवस लागले. माफीचं लांबलचक भाषण त्याने शिलाई मशीनसमोर पाठ केलं.

फामोरीने त्याला पाहताच हातातलं चाक खाली ठेवलं, हात पुसले आणि चांगली खुर्ची पुढे केली.

"या, कुलीबाली. बसा. घरी सगळे ठीक? तब्येत बरी आहे ना? नात काय म्हणते? थंडी फार आहे यंदा. पाणी घ्या."

फामोरीने हवापंप फेकून मारला असता तरी सिरिमानला इतकं लागलं नसतं. परक्या सरकारी साहेबाशी बोलावं तसं तो बोलत होता. भाषण तसंच राहिलं. सिरिमान पाणी प्यायला आणि आभार मानून उठला.

पण तो दुकानात गेला नाही. कोपऱ्यावर चवळी शिजवून विकणाऱ्या बाईकडे गेला, सगळ्यांत मोठं वाडगं भरून घेतलं आणि सोमवारच्या भर बाजारात, फामोरीच्या दुकानासमोर, धुळीत मांडी घालून खायला बसला. लोक थांबले. गाढवगाडी थांबली. कोणीतरी ओरडलं, "बघा, राजेसाहेबांची पंगत!" सिरिमान मान खाली घालून खात राहिला. अर्ध्या वाडग्यावर त्याला रडू आलं, तरी तो खात होता आणि चष्म्यावरून ओघळ चवळीत पडत होते.

फामोरी बराच वेळ उभा राहून पाहत होता. मग तो आला, शेजारी बसला आणि वाडग्यात हात घातला. एक केइता, उघड्यावर, भर बाजारात चवळी खाऊ लागला. त्याने घास चावला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. "रडतोयस तर जरा नेम धरून तरी रड, चवळीखाऊ."

सिरिमान मोठ्याने हसला आणि त्याला ठसका लागला.

दोघे पेलेंगानात गेले. तिथे फामोरीने त्येब्लेच्या उंबऱ्यावर आडवं अंग टाकलं आणि जाहीर केलं की माझ्या ह्या बिनडोक मालकाची बायको मिळेपर्यंत मी उठणार नाही, शिवाय गुडघे असे आहेत की तसंही कोणीतरी उठवल्याशिवाय मला उठता येणार नाही. त्येब्ले हसत म्हणाला, "न्या बाबांनो, न्या."

परतताना फामोरी गाठोडं घेऊन पुढे चालला होता. सिरिमानने नियेलेला हळूच विचारलं, "माझ्या एका शब्दासाठी तू घर सोडलंस?"

"मी घाबरले होते," नियेले म्हणाली. "लग्नाला एकतीस वर्षं झाली, घरात तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. मला वाटायचं, नवरा स्वभावाने शांत आहे. त्या दिवशी कळलं की तुमचा सगळा ताठा हा माणूस रोज सकाळी रस्त्यातच काढून घ्यायचा. मला घरात मिळायचे ते उरलेले तुम्ही."

आपण स्वभावाने शांत आहोत, ही सिरिमानची पूर्वजांखालोखाल लाडकी बढाई होती. तीही गेली. त्याने पावलं उचलली, फामोरीला गाठलं आणि त्याच्या डोक्यावरचं गाठोडं काढून आपल्या डोक्यावर घेतलं.