कवळीवाल्यांची गोळी

गावातली निम्मी म्हातारी माणसं मी केलेल्या दातांनी हसतात, असं कवळीवाले छातीठोकपणे सांगत. चाळीस वर्षं त्यांनी मेणात दात कोरले. मग हातांना कंप सुटला आणि एकेका दाढेला दोन दोन दिवस लागू लागले.

मोठ्या इस्पितळात कंपावरच्या नव्या उपचाराची चाचणी सुरू होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मेंदूत एक जनुक सोडलं आणि त्यांच्या बायकोला समजावलं, "हे एरवी गप्प असतं. रोज एक गोळी घेतली की कामाला लागतं. थांबवली की हळूहळू पुन्हा गप्प. गोळ्यांकडे लक्ष तुम्ही ठेवायचं."

दोन महिन्यांत कवळीवाले पुन्हा कामाला बसले. बायकोच्या जिवात जीव आला.

पण हळूहळू लक्षणं बदलली. कामावरून उठले की मान वळवळायची, खांदे उसळायचे. जेवायची शुद्ध नाही. एकच कवळी सातदा बनवली आणि सातदा मोडली. माप द्यायला आलेल्या आजीबाईंवर ते खेकसले, "माझे दात चोरायला आलात!" आजीबाई बिचाऱ्या बोळक्या तोंडाने बघतच राहिल्या.

बायकोने डबा उघडला. आठवडाभराच्या गोळ्या कमी होत्या.

"दोन दोन घेताय?"

"एकीत नुसता चमचा धरता येतो गं. दाढेच्या खाचा नाही कोरता येत."

"मी डॉक्टरीणबाईंना सांगणार."

"सांग. माझे हात तूच तोडलेस म्हणेन मी."

ती दिवसभर घुटमळली. संध्याकाळी जिन्यात उभी राहून तिने फोन केला.

गोळी बंद झाली. तिसऱ्या आठवड्यात संशय ओसरला, मान थांबली. आणि कंप परतला. मग अर्धी गोळी सुरू झाली. अर्धवट राहिलेल्या कवळ्या दुसऱ्या कारागिराकडे गेल्या. डबा आता कुलपात होता. कवळीवाले बायकोशी कामापुरतं बोलत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. "आता छान ताब्यात आलंय. घरी कसं काय?"

"तिला विचारा," कवळीवाले खिडकीकडे बघत म्हणाले. "किल्ली तिच्याकडे असते."

 बायकोला बरंच काही सांगायचं होतं.

"शर्टाची बटणं स्वतः लावतात," ती म्हणाली.