पहिल्याच कोरवर

माझं तोंड फार चालतं. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला त्याचं कौतुकच होतं, याचीच आता लाज वाटते.

ऑफिस अंधेरी पूर्वेला. टीममध्ये घाटकोपरची एक नवी मुलगी आली होती, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. घरातली पहिलीच इंजिनीअर. रिपोर्ट काढणारा आमचा मंद प्रोग्राम वेगवान करायचं काम मी तिला दिलं. तिने ते काम आठ थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या आठ तुकड्यांत, वाटलं. सर्व्हरच्या प्रोसेसरलाही आठ कोर, म्हणजे एकाच वेळी राबणारे आठ मेंदूच. कुठला थ्रेड कुठे चालवायचा ते ऑपरेटिंग सिस्टिम बघते, जो कोर मोकळा दिसेल त्याच्याकडे काम सोपवते. म्हणजे वेग वाढायलाच हवा होता. सर्व्हरवर चढवला, तर ढिम्म! होता तेवढाच मंद.

"सर, माझ्या लॅपटॉपवर तर झकास पळतोय," ती म्हणाली.

"मग तुझा लॅपटॉपच पाठवू का क्लायंटकडे?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. लोक हसले. मला बरं वाटलं.

ती तरी हटली नाही. "सर, एकच कोर शंभर टक्के दाखवतोय. बाकीचे सात नुसते बसलेत. असं कसं ना?"

"तुझं लॉकिंग चुकलंय, थ्रेड एकमेकांची वाट बघत बसलेत. कॉलेजात काय शिकवलं गं तुम्हाला?" मी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. प्रोबेशनच्या फॉर्मवर लिहिलं, 'मूलभूत समज कच्ची'. तिला कायम केलं नाही.

तिची नोटीस चालू असताना दुसऱ्याच कशासाठी तरी मी सर्व्हरवर प्रोग्राम सुरू करणारी स्क्रिप्ट उघडली. आत एक ओळ होती: हा प्रोग्राम फक्त पहिल्या कोरवर चालवायचा. एकदा असं बजावलं की ऑपरेटिंग सिस्टिम मुकाट ऐकते. आठ शेगड्या पेटलेल्या असल्या तरी स्वयंपाक एकीवरच. ओळ माझी होती. कधीतरी एक बग पकडायला घातलेली, काढायची राहिलेली. अरे देवा!

ओळ पुसली. आठही कोर कामाला लागले, रिपोर्ट धडाधड निघाले. मॅनेजरने पाठ थोपटली, "मानलं यार तुला!" बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. तिचे चार दिवस उरले होते, फॉर्म परत मागवता आला असता. मी "थँक्स" म्हणालो आणि चहाला गेलो. शी!

शेवटच्या दिवशी ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. "सर, तुम्ही काय बदललंत? माझं नेमकं काय चुकलं होतं, सांगा ना. पुढच्या ठिकाणी परत नको व्हायला."

"लॉकिंग नीट वाच," मी म्हणालो.

तिने ते वहीत लिहून घेतलं.