मावशीच्या जागेवर कारंजं

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात किस्से आपोआप साचतात. आमच्या मुख्य चौकाचं सुशोभीकरण झाल्यापासून तर इतके साचलेत, की चहाला बसलो की आम्हीच सांगतो, आम्हीच हसतो आणि मग कपात बघत बसतो. गावाचं नाव विचारू नका. उमरग्याकडची एसटी धरली की वाटेत लागतं, एवढं पुरे!

*

कन्सल्टंटनं नव्या चौकाचं रंगीत चित्र आणलं. फरशी, कारंजं आणि फिरायला आलेली उंच गोरी माणसं. एकाच्या हातात कुत्र्याची साखळी!

"ही माणसं कुठली हो?" मी विचारलं.

"सॉफ्टवेअरसोबत येतात."

आमचे ओव्हरसिअर तांबोळी चष्मा पुसत म्हणाले, "मग आमची सरूमावशी कुणासंगं यायची?"

सरूमावशी चौकातल्या लिंबाखाली बांगड्या विकायची. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुलींचा चुडा तिनंच भरला, माझ्या बायकोचाही. कन्सल्टंटनं चित्रात बोट ठेवलं, "तिथं कारंजं येतंय."

*

मोजणीला गेलो, तर सरूमावशीनं आधी चहा मागवला. मग टेपचं एक टोक स्वतःच धरून बसली.

"नीट मोजा, साहेब. पक्की जागा देताव न्हवं?"

तांबोळींनी फोटो काढला. अतिक्रमण हटवायच्या आधी फोटो लागतोच. मी "बघू, मावशी" म्हणालो. लाज वाटली. चहा मात्र संपवला.

*

लिंब तोडला, त्याभोवतीचा पार फोडला आणि ज्येष्ठांसाठी स्टीलची बाकं बसवली. एप्रिलात त्यांच्यावर पापड भाजला असता! म्हातारी मंडळी आमच्याच ऑफिसच्या पायऱ्यांवर सावलीला येऊन बसू लागली. त्यांच्यातून वाट काढत आम्ही वर जायचो आणि रिपोर्ट लिहायचो, "बाके अद्याप नव्यासारखी आहेत."

*

मग कारंज्याचं उद्घाटन. गावात नळाला पाणी आठवड्यानं. बटण दाबलं, पाणी उडालं, टाळ्या पडल्या आणि पाठोपाठ बाया घागरी घेऊन आत उतरल्या!

मोठे साहेब माईकवरून ओरडले, "अहो, ते पाणी शोभेचं आहे!"

एक बाई घागर बुडवता बुडवता म्हणाली, "मग आमच्या घागरी बी शोभंच्याच हैत व्हय?"

साहेबांनी आधी माईक बंद केला, मग कारंजं. आम्ही स्टेजवर माना खाली घालून उभे होतो.

*

शेवटी एक भिंत उरली. साहेब म्हणाले, तिच्यावर जुन्या बाजाराचं चित्र काढा, वर "आपला वारसा" लिहा. लातूरच्या पेंटरनं जुन्या चौकाचे फोटो मागितले. आमच्याकडं जुन्या चौकाचे फोटो होते ते फक्त अतिक्रमणाच्या कारवाईचे! तेच दिले. नीट कुणीच बघितले नाहीत.

पेंटर मात्र प्रामाणिक निघाला. अनावरणाला पडदा सरकला, तर लिंबाखाली बांगड्यांचे ढीग, टेपचं एक टोक धरून हसणारी सरूमावशी आणि दुसरं टोक धरून मी!

गर्दीत खरी सरूमावशीही होती. तिला नाल्यापलीकडं जागा दिली होती, तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही. मी तांबोळींच्या मागं सरकलो, तरी तिनं हेरलंच. भिंतीवरच्या स्वतःकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"मोजायचं तर झालंय, साहेब. मग हिला कवा उठवताव?"