आधी अण्णा, मग अक्का

स्वतःचं एकही हाड दुखत नसताना हाडांच्या दुखण्यावर इतक्या गोळ्या, कॅप्सूल, चूर्णं आणि काढे पोटात घालणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. आमच्या शेजारचे अण्णा पंच्याहत्तरीला टेकलेत, पण बनशंकरीतल्या आमच्या इमारतीचे जिने ते लिफ्टची वाट न बघता चढतात, मांडी घालून जेवतात आणि हात न टेकता उठतात. दुखतं ते अक्कांना. अक्का म्हणजे त्यांची बायको. मी पुण्याहून इथे राहायला आले तेव्हा सगळा मजला या नवरा-बायकोला अण्णा-अक्का, म्हणजे थोरला भाऊ आणि थोरली बहीण, म्हणतो हे ऐकून मला कसंतरीच झालं होतं. आता मीच दारात उभी राहून "अक्का, अण्णा आहेत का घरात?" विचारते आणि काही म्हणजे काही वाटत नाही. तर अक्कांच्या बोटांना संधिवात आहे. सकाळी बोटं फुगलेली असतात, पेरं लाल होतात, मूठ मिटत नाही. करंजीला बोटांनी मुरड घालावी तर ती निपाणीच्या अक्कांनीच, असा आमच्या मजल्यावर त्यांचा लौकिक होता. गेल्या दोन दिवाळ्या त्यांनी करंज्या कातण्याने कापल्या, आणि ताट माझ्या हातात देताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून अण्णांनी एकच ध्यास घेतला, की अक्कांची मुरड परत यायला पाहिजे.

डॉक्टरकडे का नाही गेले, असं कुणीही विचारेल. गेले होते की! कोपऱ्यावरच्या डॉक्टरने दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या, त्यांनी अक्कांचं पोट बिघडलं, आणि अण्णांचा डॉक्टर या जातीवरचा विश्वासच उडाला. त्यापुढे घरात आली ती पूरक औषधांची वरात. पण अण्णा जन्मभर एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात होते. त्यांच्या सहीशिवाय तिथून साधा नट बाहेर पडत नसे. शहाळंसुद्धा ते कानाशी हलवून, दोनदा परत करून मग घेतात. अशा माणसाने कुठल्यातरी डबीवरचं वाचून बायकोला गोळी द्यावी, हे शक्यच नव्हतं. त्यामुळे नियम असा ठरला की नवी गोळी आली की ती आधी अण्णा घेणार. महिनाभर त्यांना काही झालं नाही, तर मग अक्का.

मी एकदा न राहवून म्हटलं, की अण्णा, तुम्हाला मुळात दुखतच नाही, मग गोळी लागू पडली हे कळणार कसं? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी काही मी कारखान्यात कालच लागलेली उमेदवार आहे.

"लागू पडते का ते तिनं बघायचं," ते म्हणाले. "मशीन बिघडवत नाही ना, तेवढं मी बघालोय."



सुरुवात हळदीपासून झाली. बाटलीतल्या हळदीच्या कॅप्सूलवर भरवसा नाही म्हणून अण्णा बस बदलत यशवंतपूरच्या बाजारात गेले, तिथल्या व्यापाऱ्याशी तास-दीड तास कन्नडमध्ये वाद घातला आणि एवढी हळकुंडं घेऊन आले, की मला वाटलं घरात लग्न निघालं. ती दळून, मिरपूड घालून ते चमचा-चमचा खात. त्यांच्या पांढऱ्या मिश्या पिवळ्या झाल्या, टॉवेल पिवळे झाले, आमच्याकडे चहा पिऊन गेले की कपाची कड पिवळी व्हायची. मग वाळवलेलं आलं. त्यानंतर सालई वृक्षाच्या डिंकाच्या गोळ्या. मधेच अमेरिकेतल्या भाच्याने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. आता या घरात अंड्याचा केकसुद्धा दाराबाहेर उभं राहून खातात. अण्णांनी ती बाटली देवघरापासून लांब, चपलांच्या कपाटात ठेवली, आणि महिनाभर रोज सकाळी चपला चढवून, दाराबाहेर जाऊन, डोळे मिटून एकेक कॅप्सूल गिळली. तेवढे दिवस त्यांना ढेकर आला की ते खजील होऊन तोंडावर हात धरायचे. बायकोने बाटण्याआधी आपण बाटावं, इतका सरळ हिशेब होता. महिन्यानंतर बाटली अक्कांकडे गेली तेव्हा अक्का म्हणाल्या, औषध ते औषध, त्याला कसलं आलंय सोवळं, आणि पाण्याबरोबर गिळून मोकळ्या झाल्या.

या घराचा दुसरा नियम झाकणांचा. अक्कांच्या बोटांना पीळ देववत नाही, म्हणून अण्णांनी घरातल्या एकूण एक बरणीचं, बाटलीचं, डब्याचं झाकण सैल करून ठेवलेलं असे. नुसतं वर टेकवलेलं. त्यापायी मुंग्यांचं राज्य झालं, पापड सादळले, पण झाकण घट्ट होऊ द्यायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस ऑफिसच्या मीटिंगला थोडा वेळ होता म्हणून मी अक्कांना फळीवरची बरणी काढून द्यायला गेले, आणि शहाण्यासारखी तिला झाकणाला धरून उचलली. यशवंतपूरची सगळी हळद माझ्या डोक्यावर आली. त्या दिवशी साहेबापुढे मी अशी बसले होते, की बोहल्यावर चढायचीच बाकी. कॅमेरा बंद ठेवता येतो हे तेव्हा आठवलं नाही, नंतर आठवलं. अण्णा मात्र केर भरताना एवढंच म्हणाले, की बरणी बुडाला धरायची असते.

पुढे गाडी बिघडली. अण्णांच्या दंडावर निळे-जांभळे डाग दिसायला लागले. दाराची कड जरा लागली तरी डाग. ते म्हणत वय झालं, चालायचंच. गोळ्या चालूच होत्या, उलट आता हळद आणि माशाचं तेल एकत्र घेतलं तर काय होतं, ते बघायचं चाललं होतं. एका सकाळी पेपर वाचताना त्यांच्या नाकातून रक्त आलं आणि बराच वेळ थांबेना. अक्कांनी मला हाक मारली. मी बर्फ घेऊन धावले. रक्त थांबलं, अण्णांनी डागाळलेला पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि विचारलं, आज कुठली गोळी राहिली? मी अक्कांच्या तोंडाकडे बघितलं. पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात अक्कांनी जाहीर केलं की त्यांना उतार पडला. ज्या डिंकाच्या गोळ्या त्या तेव्हा घेत होत्या त्याच लागू पडल्या, आता दुसरं काही शोधायची गरज नाही. अण्णांचा आनंद काय सांगू! म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन ते सगळ्या मजल्यांवर फिरले. मग घरी येऊन त्यांनी एक काम केलं. बायकोची बोटं बरी झाली, म्हणजे झाकणं सैल ठेवायचं कारण संपलं. तपासणी खात्यातल्या त्या दणकट मनगटाने त्यांनी घरातलं प्रत्येक झाकण घट्ट पिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा पार्कात फिरायला गेले आणि माझी बेल वाजली. दारात अक्का, पदराखाली मिठाची बरणी. "हे स्वल्प उघडून दे," त्या म्हणाल्या, "आणि ह्यांना सांगू नको." मला एका क्षणात सगळं कळलं, आणि असा संताप आला म्हणून सांगू! पण त्या बोटांकडे बघून बोलवेना. मग रोजच सुरू झालं. अण्णा पार्काकडे वळले, की मी त्यांच्या स्वयंपाकघरात. मीठ, चहा, साखर, लोणचं. काही झाकणं मलाही हलत नसत, ती मी फडक्यात धरून, दाराच्या फटीत अडकवून उघडायचे. अण्णा संध्याकाळी एखादं झाकण सैल दिसलं की पुन्हा पिळून ठेवत, आणि खूश होऊन म्हणत, आता स्वतः उघडालीय बघा.

एक दिवस पार्काला कुलूप होतं म्हणून ते अर्ध्या वाटेवरून परत आले. मी जमिनीवर बरण्यांच्या घोळक्यात बसलेली, मांडीत लोणच्याची बरणी दाबून धरलेली. अक्का ओट्यापाशी, दोन्ही हात कोमट पाण्यात बुडवून. अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बरण्यांकडे, मग त्या पातेल्यातल्या हातांकडे.

"उतार नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नव्हता."

"मग खोटं का सांगितलंस?"

अक्कांनी हात बाहेर काढले नाहीत. "तुमच्या नाकातनं रक्त यायला लागलं," त्या म्हणाल्या. "बोटं माझी दुखतात ती दुखू देत. तुम्हाला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

अण्णा खाली बसले, माझ्यासमोरच, मांडी घालून. एकेक बरणी ओढून झाकण सैल करायला लागले. पाच-सहा झाली असतील. मग मान वर न करता म्हणाले, खोटा रिपोर्ट दिलास, माझ्या खात्यात असतीस तर मेमो काढला असता. आवाज मात्र मेमो काढणाऱ्याचा नव्हता.

तोंड उघडलं ते मी. मी दोघांना असं झापलं, की माझी आई ऐकती तर तिला लाज वाटली असती किंवा अभिमान, सांगता येत नाही. त्याच आठवड्यात मी त्यांना सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई तरुण होत्या आणि शांत. त्यांनी सगळ्या बाटल्या ओळीने मांडायला सांगितल्या. अण्णा हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी रोज घेतात, हे मला तिथेच कळलं. तिच्यावर चमचे-चमचे हळद आणि माशाचं तेल म्हणजे नाकातून रक्त यायला आमंत्रणच, असं त्यांनी समजावलं. यातल्या एखाद्या गोष्टीने कुणाला थोडा आराम पडतही असेल, भाजीतली हळद खुशाल खा, पण अक्कांचा आजार नुसत्या एवढ्यावर राहणारा नाही, सांधे वाकडे होण्याआधी खरं औषध सुरू करायला हवं, आणि दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायला हवं. तपासणी म्हटल्यावर अण्णांचा चेहरा जरा खुलला. बाईंनी गोळी लिहून दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. तेव्हा अण्णा खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, यातली एक आधी मी घेऊन बघतो.

बाई हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस चेष्टा करत नाहीये. त्या हळूच म्हणाल्या, "नाही अंकल. ही त्यांची त्यांनाच घ्यावी लागेल."



आता दर रविवारी सकाळी मी कॉफीला त्यांच्याकडे असते. गुण यायला काही महिने लागतील असं बाईंनी सांगितलंय. परवा अक्कांनी पोळ्यांच्या कणकेवर एक मुरड घालून बघितली. निम्मी जमली, निम्मी सुटली, आणि त्यांनी घाईघाईने ती कणीक परत गोळ्यात मिसळली, पण अण्णांनी पाहायचं ते पाहिलं होतं. झाकणं पुन्हा सैल आहेत, मुंग्या सुखात आहेत. रविवारी अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. पाकिटातून गोळी काढतात, खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी बघतात आणि अक्कांच्या तळहातावर ठेवतात. पहिल्या रविवारी ते तसेच हात पुढे करून उभे राहिले होते, पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अक्का त्यांच्या आधी काही गिळत होत्या, आणि त्यांना ते नुसतं बघायचं होतं. शेवटी अक्काच म्हणाल्या, तुम्हीपण पाणी प्या की माझ्याबरोबर. तेव्हापासून टेबलावर दोन पेले असतात. दोघं एकमेकांकडे बघून एकदम घोट घेतात. गोळी अक्कांच्या घशाखाली जाते, आणि कडू तोंड होतं ते अण्णांचं.